लोड बॅलन्सर अडला की आधी काय बघायचं

साइट मंदावली, लॉगिन अधूनमधून उडायला लागलं किंवा पानावर ५०३ आलं की नेटवर्कवाल्याला फोन येतो: “भिया, लोड बॅलन्सर में लोचा है क्या?” विजयनगरमधली आयटी कंपनी असो की रामबागेकडच्या एखाद्या जुन्या संस्थेची सर्व्हर रूम, इंदुरात हे वाक्य ठरलेलंच आहे. येणाऱ्या विनंत्या अनेक सर्व्हरांत वाटणाऱ्या त्या एका पेटीतून सगळी वाहतूक जाते, म्हणून पहिला संशयही तिच्यावरच. बऱ्याचदा पेटी निर्दोष निघते, पण ते नुसतं बोलून चालत नाही, दाखवावं लागतं. आणि दाखवायला लागणारा पुरावा गोळा करायची सगळ्यात सोयीची जागाही तीच पेटी. ग्राहक (साइट उघडणारं मशीन) आणि सर्व्हर या दोघांशी बोलणारी साखळीत ती एकटीच असते.

पुढे जे लिहिलंय ते एफ-फाइव्ह बिग-आयपी, सिट्रिक्स नेटस्केलर आणि एचएप्रॉक्सी या तिन्हींना लागू पडतं. जिथे फरक आहे तिथे नाव घेतलंय.

तक्रार घड्याळासकट घ्या

“साइट चालत नाहीये” ही तक्रार नव्हे. चार गोष्टी विचारल्याशिवाय पेटीवर लॉगिनसुद्धा करू नका. नेमकी वेळ काय होती? कोणत्या आयपीवरून? स्क्रीनवर नेमका कोणता आकडा किंवा संदेश आला? सगळ्यांना होतंय की काहींनाच?

शेवटच्या प्रश्नाच्या उत्तरात कधीकधी अर्धं निदान असतं. “मोबाइलवरून उघडतं, पण सर्व्हर रूमशेजारच्या मशीनवरून उघडत नाही” असं कुणी म्हणालं, तर ग्राहक आणि सर्व्हर एकाच सबनेटमध्ये, म्हणजे नेटवर्कच्या एकाच तुकड्यात आहेत आणि स्नॅट (पॅकेटवर ग्राहकाऐवजी पेटीचा पत्ता लावणं) बंद आहे, हा संशय लगेच घ्यायचा. ग्राहकाचं पॅकेट पेटीतून सर्व्हरकडे जातं. सर्व्हर बघतो की हा पत्ता तर आपल्याच सबनेटमधला, आणि उत्तर थेट त्याला देऊन टाकतो. ग्राहकानं बोलणं सुरू केलं होतं व्हीआयपीशी (साइटच्या पेटीवरच्या पत्त्याशी), उत्तर आलं भलत्याच आयपीवरून, म्हणून तो रीसेट (जोडणी तोडणारं पॅकेट) पाठवून मोकळा होतो. पेटीच्या डॅशबोर्डवर या सगळ्या वेळात सर्व हिरवं दिसत राहतं.

वेळेचं आणखी एक: पेटीचा लॉग यूटीसीमध्ये (जागतिक वेळेत), अ‍ॅप्लिकेशनचा लॉग भारतीय वेळेत, आणि तक्रार करणाऱ्याचं घड्याळ तिसरंच, असं चित्र सर्रास असतं. साडेपाच तासांचा फरक लगेच लक्षात येतो. घात करतो तो दोन मिनिटांचा फरक. तिन्ही ठिकाणी घड्याळ जुळवणारं एनटीपी चालू आहे का ते आधी बघा, नाहीतर पुढे दोन लॉग जुळवताना रात्र जाते.

दोन जोडण्या, चार पत्ते

आता कागद घ्या. प्रॉक्सी पद्धतीनं चालणाऱ्या पेटीत ग्राहकाची जोडणी व्हीआयपीवर संपते आणि पेटी सर्व्हरकडे स्वतःची वेगळी जोडणी उघडते. कागदावर चार पत्ते लिहा. ग्राहकाचा आयपी आणि पोर्ट. व्हीआयपी, समजा १०.२०.३०.१० आणि पोर्ट ४४३. पेटीचा सर्व्हरकडच्या बाजूचा स्नॅट पत्ता, समजा १०.२०.४०.५. आणि सर्व्हर, १०.२०.४०.२१, पोर्ट ८०८०. पुढचा सगळा शोध एकाच प्रश्नाभोवती फिरतो: बिघाड डाव्या जोडणीत आहे की उजव्या? हे ठरायच्या आत कॉन्फिगरेशनला हात लावणारा माणूस अंधारात दगड मारत असतो.

याला अपवाद आहे डायरेक्ट सर्व्हर रिटर्नचा. तिथे उत्तर सर्व्हरकडून थेट ग्राहकाला जातं, त्यामुळे पेटीवर परतीचं पॅकेट शोधत बसू नका, ते येणारच नाही. तिथे व्हीआयपी प्रत्येक सर्व्हरच्या लूपबॅकवर (मशीनच्या आतल्या इंटरफेसवर) आहे का ते बघा. सर्व्हर लिनक्स असेल तर सेटिंगमध्ये एआरपी-इग्नोर १ आणि एआरपी-अनाउन्स २ आहे का, हेही तपासा. नसेल तर एखादा सर्व्हर व्हीआयपीच्या एआरपीला (‘हा आयपी कुणाचा?’ या चौकशीला) स्वतःच उत्तर देतो आणि सगळी वाहतूक एकट्यावर ओढून घेतो.

पेटी वगळून बघा

कर्ल हे कमांडवरून पान मागवायचं हत्यार सगळ्यांकडे असतं, पण बहुतेक जण ते अर्धंच वापरतात. आयपी टाकून सर्व्हर तपासला तर होस्टचं नाव बदलतं, टीएलएसमधलं (एचटीटीपीएसच्या कुलूपबंद जोडणीतलं) एसएनआय, म्हणजे साइटचं नाव, जात नाही, आणि सर्व्हर भलतंच पान देतो. त्यासाठी ‘रिझॉल्व्ह’ हा पर्याय आहे. साइटचं नाव तेच ठेवायचं, आयपी मात्र आपण सांगू तो. असं एकदा व्हीआयपीवर आणि मग एकेका सर्व्हरवर करा. सर्व्हरकडचा पोर्ट साधा एचटीटीपी असेल तर होस्ट हेडर हातानं दिलं तरी पुरतं.

एकदा करून थांबू नका, लूपमध्ये शंभरेक वेळा चालवा. पूलमध्ये (वाटपाच्या गटात) चार सर्व्हर आहेत, राउंड रॉबिन (पाळीपाळीनं वाटप) आहे आणि चारात एकदा चूक येतेय, तर एकच सर्व्हर आजारी आहे हे वेगळं सांगायला नको. ही चाचणी पर्सिस्टन्सची (ग्राहकाला पुन्हा त्याच सर्व्हरकडे पाठवणारी) कुकी न पाठवता करायची. नाहीतर तुम्ही शंभर वेळा त्याच एका सर्व्हरचं दार वाजवून याल.

कर्लच्या ‘राइट-आउट’ पर्यायात वेळेचे तुकडे मिळतात: नाव शोधायला किती, टीसीपी जोडायला किती, टीएलएस व्हायला किती, पहिला बाइट यायला किती, एकूण किती. हे आकडे सुरुवातीपासून मोजलेले असतात, म्हणून एका टप्प्याचा वेळ काढायला आधीचा आकडा वजा करावा लागतो. नवीन मुलं हे हमखास विसरतात आणि टीएलएसच्या नावानं खडे फोडतात.

या आकड्यांत ठरावीक उशीर दिसला तर थांबून बघा. नाव शोधण्यात बरोबर ५ सेकंद गेले, तर पहिला डीएनएस सर्व्हर उत्तर देत नाहीये. लिनक्सचा रिझॉल्व्हर मुळात ५ सेकंद वाट बघून पुढच्याकडे जातो. जोडणीत १, ३ किंवा ७ सेकंद गेले, तर एसवायएन, म्हणजे जोडणी मागणारं पॅकेट, हरवतंय. लिनक्स ते पहिल्यांदा १ सेकंदानं पुन्हा पाठवतो आणि नंतर थांबायचा वेळ दरवेळी दुप्पट करतो: १, मग २, मग ४. गंमत अशी की प्रॉक्सी पेटीच्या मागच्या बाजूला एसवायएन हरवलं तर तो उशीर ग्राहकाच्या जोडणीच्या वेळेत दिसत नाही. तिथे सगळं झटपट दिसतं आणि पहिला बाइट तेवढा उशिरा येतो. मग अ‍ॅप्लिकेशनवाल्यांवर आळ जातो आणि खरा दोषी म्हणजे मधली फायरवॉल नामानिराळी राहते.

पेटीच्या शेलमधूनही सर्व्हरला कर्ल करून बघावं, पण सावधपणे. शेलमधून निघालेलं पॅकेट स्नॅटच्या पत्त्यावरून जाईलच असं नाही. ते पेटीच्या स्वतःच्या आयपीवरून, कधीकधी तर मॅनेजमेंट पोर्टवरूनही जातं. फायरवॉलमध्ये एका पत्त्याला परवानगी आहे आणि दुसऱ्याला नाही, असं असेल तर शेलमधून सगळं छान दिसतं आणि ग्राहक मात्र लटकलेले असतात.

हेल्थ चेक हिरवा आहे म्हणजे काय?

हेल्थ चेक म्हणजे सर्व्हर जिवंत आहे का याची पेटीनं ठरावीक वेळानं केलेली तपासणी. नुसता टीसीपी हेल्थ चेक पोर्ट उघडा आहे एवढंच सांगतो. दार वाजवल्यावर आतून कुणी ‘ओ’ दिली म्हणजे घरात स्वयंपाक झालाय असं होत नाही. अ‍ॅप्लिकेशनचे सगळे थ्रेड डेटाबेसची वाट बघत अडकले असले तरी कर्नल जोडणी स्वीकारतच राहतो.

उलट प्रकारही तितकाच होतो: सर्व्हर धडधाकट, पण पेटी त्याला डाउन म्हणते. तेव्हा पेटी नेमकं काय पाठवतेय ते बघा. एचटीटीपी १.१ लिहून होस्ट हेडर दिलं नसेल, तर नियमानं वागणारा वेब सर्व्हर ४०० देणारच. एचटीटीपीएस चेकमध्ये एसएनआय जात नसेल, तर एका आयपीवर अनेक साइट चालवणारा सर्व्हर चुकीचं प्रमाणपत्र दाखवेल किंवा हँडशेक तोडेल. आणि २०० अपेक्षित असताना अ‍ॅप्लिकेशनवाल्यांनी काल लॉगिनकडे वळवणारा ३०२ बसवला असेल, तर पूल एका झटक्यात लाल होतो.

एफ-फाइव्हचा मूळ हिशोब ५ सेकंदांनी एक चेक आणि १६ सेकंदांचा टाइमआउट असा असतो, म्हणजे तीन संधी आणि वर एक सेकंद. मेलेल्या सर्व्हरकडे जवळपास १६ सेकंद ग्राहक जात राहू शकतात, आणि हे बिघाडात मोडत नाही, ही सेटिंगच आहे. कुणी वैतागून टाइमआउट ३ सेकंदांवर आणला, तर जावाच्या एका लांबलेल्या गार्बेज कलेक्शनलाही (मेमरीच्या साफसफाईलाही) सर्व्हर पूलबाहेर जाईल, उरलेल्यांवर भार वाढेल, मग तेही अडखळतील. लॉगमध्ये एकच सर्व्हर दर काही मिनिटांनी अप-डाउन होताना दिसला तर हाच प्रकार आधी तपासा.

हेल्थ चेकच्या पानानं डेटाबेसला हात लावावा की नाही, यावर वाद आहेत. माझं मत स्पष्ट आहे: पूलमधले सगळे सर्व्हर एकाच डेटाबेसवर चालत असतील तर लावू नये. डेटाबेस जरा मंदावला की सगळे सर्व्हर एकदमच डाउन ठरतात, आणि मंद चालणारी साइट पूर्ण बंद पडते.

लॉग काय म्हणतो

५०२ म्हणजे मागून आलेलं उत्तर मोडकं किंवा अर्धवट. ५०३ म्हणजे बहुधा द्यायला सर्व्हरच नाही. ५०४ म्हणजे सर्व्हरनं वेळेत उत्तर दिलं नाही. मात्र हा आकडा पेटीनं दिला की सर्व्हरनं, हे आधी ठरवा. दोघांच्या एरर पानांची धाटणी आणि सर्व्हर हेडर वेगळं असतं.

एचएप्रॉक्सीचा लॉग या बाबतीत सगळ्यात बोलका. प्रत्येक ओळीत जोडणी कशी संपली ते सांगणारी अक्षरं असतात, त्यातली पहिली दोन वाचायला शिका. पहिलं अक्षर कुणामुळे संपली ते सांगतं: मोठा सी म्हणजे ग्राहकानं तोडली, मोठा एस म्हणजे सर्व्हरनं तोडली किंवा नाकारली, लहान सी आणि लहान एस म्हणजे त्या त्या बाजूचा टाइमआउट. दुसरं अक्षर कोणत्या टप्प्यावर ते सांगतं: सी म्हणजे जोडताना, एच म्हणजे उत्तराच्या हेडरची वाट बघताना, डी म्हणजे डेटा चालू असताना, क्यू म्हणजे रांगेत. लहान एस आणि एच दिसलं की अ‍ॅप्लिकेशन मंद आहे. मोठा एस आणि सी दिसलं की सर्व्हरनं पोर्टच नाकारला.

एफ-फाइव्हवर एलटीएमचा (लोड बॅलन्सिंगच्या भागाचा) लॉग बघा आणि रीसेटचं कारण लॉगमध्ये लिहिण्याची सोय चालू करा. ती मुळात बंद असते. नेटस्केलरचे आकडे न्यूएनएसलॉगमध्ये साठतात आणि ते एनएसकॉनमेसेजनं वाचता येतात, त्यामुळे काल रात्री काय झालं तेही आज काढता येतं.

दोन्ही बाजूंचा कॅप्चर

इथवर येऊनही उत्तर मिळालं नसेल तर टीसीपीडंप, म्हणजे येणारी-जाणारी पॅकेट फाइलमध्ये पकडणं. मात्र दोन्ही जोडण्या एकाच वेळी पकडल्या तरच उपयोग. फक्त ग्राहकाच्या आयपीचा फिल्टर लावला आणि स्नॅट चालू असला, तर उजवी बाजू फाइलमध्ये येतच नाही.

एफ-फाइव्हवर इंटरफेसच्या जागी ०.० देऊन पुढे कोलन आणि तीन एन लावले की पेटी प्रत्येक पॅकेटसोबत आपली आतली माहितीही लिहिते. त्याला शेवटी पी जोडला की ग्राहकाच्या फिल्टरवरून त्याची सर्व्हरकडची जोडणीही आपोआप पकडली जाते. नेटस्केलरवर हेच काम एनएसट्रेसमध्ये लिंक पर्याय चालू करून होतं. एचएप्रॉक्सीच्या लिनक्स मशीनवर इंटरफेस ‘एनी’ ठेवा आणि फिल्टरमध्ये ग्राहकाचा आणि सर्व्हरचा, दोन्ही आयपी ‘ऑर’नं जोडा. गजबजलेल्या पेटीवर फाइलच्या आकाराला आणि संख्येला मर्यादा घालायला विसरू नका. डिस्क भरली तर तुम्ही शोधत होता त्याहून मोठा बिघाड तुमच्याच हातून होईल.

एफ-फाइव्हच्या हार्डवेअर प्रवेगाची एक खोच आहे. फास्ट-एल-फोर प्रोफाइलच्या व्हर्च्युअल सर्व्हरची वाहतूक चिपमधूनच निघून गेली, तर टीसीपीडंपला ती दिसत नाही. कॅप्चरमध्ये सुरुवातीची पॅकेट आहेत आणि मधलं सगळं गायब, असं दिसलं तर चाचणीपुरता तो प्रवेग बंद करा.

फाइल वायरशार्कमध्ये (पॅकेट वाचायच्या प्रोग्रॅममध्ये) उघडली की आधी रीसेट शोधा. रीसेट कोणी पाठवला हे पॅकेटवरच्या आयपीवरून ठरवू नका, कारण मधली फायरवॉल दुसऱ्याच्या नावानं रीसेट पाठवू शकते. टीटीएल बघा, म्हणजे वाटेतल्या प्रत्येक राउटरवर एकानं घटणारा पॅकेटवरचा आकडा. लिनक्स ६४ पासून सुरुवात करतो, विंडोज १२८ पासून, आणि नेटवर्कच्या अनेक पेट्या २५५ पासून. त्या सर्व्हरची बाकीची पॅकेट ६३ घेऊन येतायत आणि रीसेट तेवढा २५४ घेऊन आला, तर तो सर्व्हरनं पाठवलेलाच नाही.

एक नमुना जवळून बघू, कारण तो वारंवार येतो. तक्रार अशी: दिवसभरात शेकडो विनंत्यांमागे एखाद-दुसरी ५०२ देते, पुन्हा दाबलं की चालतं. उजव्या जोडणीचा कॅप्चर साधारण असा दिसतो:

०.००० पेटी → सर्व्हर, गेट विनंती
०.०४० सर्व्हर → पेटी, २०० उत्तर
५.०४१ सर्व्हर → पेटी, फिन (जोडणी बंद करतो)
५.०४१ पेटी → सर्व्हर, नवी गेट विनंती
५.०४२ सर्व्हर → पेटी, रीसेट

तिसऱ्या आणि चौथ्या ओळीची वेळ बघा. अपाची या वेब सर्व्हरचा कीप-अलाइव्ह टाइमआउट (रिकामी जोडणी उघडी ठेवायचा वेळ) मुळात ५ सेकंद असतो. पेटी मात्र ती जोडणी पुढच्या ग्राहकासाठी उघडी ठेवून बसली होती. सर्व्हरनं निरोप घ्यायला आणि पेटीनं त्याच जोडणीवर नवी विनंती टाकायला एकच गाठ पडली. दोघंही आपापल्या परीनं बरोबर. उपाय सोपा आहे: सर्व्हरचा कीप-अलाइव्ह पेटी रिकामी जोडणी जितका वेळ जपून ठेवते त्यापेक्षा जास्त ठेवा. एन्जिनएक्सचा मूळ आकडा ७५ सेकंद आहे, म्हणून अपाची बदलून एन्जिनएक्स आणल्यावर “चूक आपोआप गेली” असं सांगणारे लोक भेटतात.

टीएलएस उलगडून बघायचं असेल तर हल्लीच्या जोडण्यांत सर्व्हरची प्रायव्हेट की पुरत नाही. टीएलएस १.३ मध्ये प्रत्येक सत्राची गुपितं वेगळी बनतात, ती चाचणीच्या ब्राउझरमधून फाइलमध्ये काढून वायरशार्कला द्यावी लागतात.

जे लाल दिसत नाही

स्नॅटचे पोर्ट संपणं हे गर्दीच्या वेळीच उगवणारं दुखणं. एका स्नॅट आयपीवरून एका सर्व्हरच्या एका पोर्टकडे फार तर चौसष्ट हजारांच्या आसपास जोडण्या होऊ शकतात. लिनक्सवर तर मुळात ३२७६८ ते ६०९९९ एवढेच, म्हणजे २८,२३२ पोर्ट. जोडणी पेटीनं बंद केली की तो पोर्ट ६० सेकंद टाइम-वेटमध्ये (बंद झाल्यावरच्या सक्तीच्या थांब्यात) अडकतो. भागाकार करा: एका सर्व्हरकडे सेकंदाला साधारण ४७० नव्या जोडण्यांवर गाडी अडते, आणि तेव्हा सीपीयू निवांत दिसत असतो. स्नॅटचे पत्ते वाढवा किंवा जोडण्यांचा पुनर्वापर चालू करा.

एकाच सर्व्हरवर भार का, या प्रश्नाचं उत्तर अनेकदा पर्सिस्टन्समध्ये असतं. सोर्स आयपीवर पर्सिस्टन्स ठेवला आणि ग्राहक मोबाइलवरचे असले, तर मोबाइल कंपनीच्या एकाच सार्वजनिक आयपीमागे असंख्य माणसं असतात आणि ती सगळी एकाच सर्व्हरवर जाऊन बसतात. वेब असेल तर कुकी वापरा.

लहान पानं उघडतात, मोठी फाइल लटकते? एमटीयू, म्हणजे एका पॅकेटच्या आकाराची मर्यादा. तुकडे न करण्याची सूचना देऊन १४७२ बाइटचा पिंग मारा. हेडरचे २८ धरून १५०० होतात. तो गेला नाही तर वाटेत कुठेतरी बहुधा टनेल आहे.

फेलओव्हरनंतर (एक पेटी पडून दुसरीनं काम घेतल्यावर) काहींना चालतं आणि काहींना नाही, तर वरच्या राउटरची एआरपी नोंद बघा. सिस्कोच्या राउटरवर ती मुळात ४ तास टिकते, त्यामुळे नव्या पेटीनं ग्रॅच्युइटस एआरपी (‘हा आयपी आता माझा’ अशी घोषणा) पाठवला नाही किंवा तो मध्येच गाळला गेला, तर तितका वेळ पॅकेट जुन्या पेटीकडेच जात राहतात. व्हीआरआरपी (व्हीआयपी कोणत्या पेटीकडे हे पेट्यांनी आपसांत ठरवायची पद्धत) वापरत असाल, म्हणजे कीपअलाइव्हडी वगैरे, तर २२४.०.०.१८ या मल्टिकास्टवर टीसीपीडंप लावा. एकाच व्हीलॅनमध्ये दोन वेगळ्या जोड्यांनी एकच राउटर क्रमांक घेतला असेल आणि व्हर्च्युअल मॅक चालू असेल, तर तो मॅकही एकच होतो आणि स्विच गोंधळतो. लॅबमधून कॉन्फिग उचलून आणलेल्या ठिकाणी हे नक्की तपासा.

बदल करताना

एका वेळी एकच बदल, आणि त्याआधी कॉन्फिगरेशनची प्रत. सर्व्हर काढायचा असेल तर त्याला सक्तीनं तोडण्याऐवजी नव्या जोडण्या बंद करून जुन्या संपू द्या. इंदुरात रंगपंचमीला गेर (रंगांची मिरवणूक) असते, बहुतेकांना सुट्टी असते, आणि साइट रिकामी म्हणून त्या दिवशी बदल उरकायचा मोह होतो. वाहतूक कमी असते हे खरं, पण काही अडलं तर रंगात भिजलेला डेटाबेसवाला राजवाड्याच्या गर्दीतून फोन उचलणार आहे का, हे आधी विचारून ठेवा.

आणि रीबूटची घाई नको. पेटी रीबूट झाली की जोडण्यांचा तक्ता, काउंटर, पोर्टचा हिशोब, सगळं जातं. बिघाड तात्पुरता सुटतो आणि पुन्हा आला की पाटी कोरी. करावंच लागलं तर आधी एफ-फाइव्हवर क्यूकेव्ह्यू किंवा नेटस्केलरवर टेक-सपोर्टचा संच काढून पेटीबाहेर ठेवा. कंपनीकडे केस टाकताना त्या संचासोबत दोन्ही बाजूंचा कॅप्चर, भारतीय वेळेत बिघाडाची नेमकी वेळ, ग्राहकाचा आयपी, कागदावरचे ते चार पत्ते आणि सॉफ्टवेअरचा पूर्ण आवृत्ती क्रमांक द्या. एवढं दिलं तर पहिले दोन दिवस “कृपया लॉग पाठवा” या ईमेलमध्ये जात नाहीत. कॅप्चरमध्ये लोकांच्या कुकी आणि कधी पासवर्डही असतात, म्हणून फाइल कुलूपबंद पाठवा आणि केस बंद झाली की आपल्या लॅपटॉपवरूनही पुसून टाका.